शेतीपंपाच्या स्टार्टरची निगा : संपर्कबिंदूंचे आयुष्य कसे वाढेल?

विहिरीवरची मोट थांबली आणि विजेचा पंप सुरू झाला, ही महाराष्ट्राच्या ग्रामीण जीवनातील एक मोठी घडामोड होय. १९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची स्थापना झाली आणि विजेचे खांब हळूहळू शिवारापर्यंत पोहोचले. २००५ साली मंडळाची पुनर्रचना होऊन वितरणाचे काम महावितरण कंपनीकडे आले. आज राज्यातील कृषी वीजजोडण्यांची संख्या चाळीस लाखांच्या वर गेली आहे. या प्रत्येक जोडणीच्या टोकाशी, विहिरीच्या काठावर किंवा बोअरजवळ, पत्र्याची एक पेटी असते. तिला सारे जण स्टार्टर म्हणतात. हिरवे बटण दाबले की पाणी सुरू, तांबडे दाबले की बंद, एवढाच बहुतेकांचा तिच्याशी परिचय असतो.

या पेटीच्या पोटात धातूच्या नखाएवढ्या काही टिकल्या असतात. तंत्रज्ञ त्यांना संपर्कबिंदू म्हणतात. गावचा वायरमन त्यांना ‘पॉइंट’ या नावाने ओळखतो. पंपाला मिळणारी सारी वीज या टिकल्यांमधूनच जाते. त्या जळाल्या की पंप थांबतो, आणि पुष्कळदा मोटारही त्यांच्यामागून जाते. गव्हाच्या पिकाला पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी, मुकुटमुळे फुटण्याच्या सुमारास, दिलेले पाणी सर्वांत मोलाचे असते. नेमक्या त्याच आठवड्यात एका टिकलीने दगा दिला, तर मोटार बोअरमधून वर काढणे, ती भरून घेणे व पुन्हा खाली सोडणे यांत पाण्याची पाळी हातची जाते. एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज देण्याची योजना राज्य शासनाने लागू केली. वीजदेयकाचा भार त्यामुळे हलका झाला. परंतु जळालेल्या मोटारीचा खर्च व बुडालेल्या पाळीचे नुकसान मात्र शेतकऱ्यालाच सोसावे लागते. म्हणूनच या टिकल्या कशाने जळतात आणि त्यांचे आयुष्य कशाने वाढते, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

स्टार्टरच्या पोटात काय घडते?

हिरवे बटण दाबले की स्टार्टरमधील तारेच्या गुंडाळीतून, म्हणजेच कॉइलमधून, वीज वाहू लागते. कॉइलच्या आतील लोखंड तात्पुरते चुंबक बनते आणि ते फिरत्या संपर्कबिंदूंना स्थिर संपर्कबिंदूंकडे ओढून घेते. तिन्ही फेजच्या जोड्या एकाच वेळी जुळतात आणि मोटार फिरू लागते. तांबडे बटण दाबले किंवा वीज गेली की चुंबकत्व नाहीसे होते, स्प्रिंग टिकल्यांना मागे ढकलते आणि प्रवाह तुटतो.

प्रवाह तुटण्याच्या क्षणीच खरी परीक्षा असते. टिकल्या एकमेकींपासून दूर होऊ लागल्या, तरी वाहता प्रवाह लगेच थांबत नाही. मधल्या फटीतील हवा तापून ती स्वतःच वीजवाहक बनते आणि क्षणभर एक प्रखर ज्वाला पेटते. तिला विद्युत् प्रज्योत म्हणतात. तिचे तापमान काही हजार अंश सेल्सिअस असते. चांदी ९६१ अंशांना आणि तांबे १०८५ अंशांना वितळते, हे ध्यानात घेतले, तर प्रत्येक वेळी टिकलीच्या पृष्ठभागाचा एखादा कण का वितळतो, याचा उलगडा होतो. टिकल्या जुळतानाही हाच प्रकार थोड्या प्रमाणात होतो. कारण एकमेकींवर आदळून त्या किंचित उसळतात आणि त्या उसळीतही ठिणगी पडते.

आपल्याकडील वीज प्रत्यावर्ती असल्यामुळे तिचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो. अशा एखाद्या शून्याच्या क्षणी प्रज्योत आपोआप विझते. स्टार्टरची रचना या नैसर्गिक सोयीवरच उभी आहे.

लाखो वेळांचे आयुष्य दोन हंगामांत का संपते?

चांगल्या प्रतीचा संपर्कबिंदू योग्य वापरात लाखो वेळा जुळण्या-तुटण्यासाठी बनविलेला असतो. पंप दिवसातून चार वेळा सुरू झाला असे धरले, तरी वर्षाला दीड हजार वेळाही भरत नाही. या हिशेबाने संपर्कबिंदू शेतकऱ्याच्या हयातीत बदलावाच लागू नये. प्रत्यक्षात मात्र दोन-तीन हंगामांतच तो खाचखळग्यांनी भरून जातो. याचा अर्थ असा, की टिकल्या वयाने मरत नाहीत. त्यांना अकाली मरण येते, आणि त्याची कारणे बहुतांशी टाळता येण्यासारखी असतात.

पाच अश्वशक्तीची तीन फेजची मोटार पूर्ण भाराने चालताना सुमारे साडेसात अँपिअर प्रवाह घेते. परंतु सुरू होतानाच्या पहिल्या काही क्षणांत ती याच्या सहापट, म्हणजे सुमारे ४५ अँपिअर, खेचते. स्टार्टर या ४५ अँपिअरवर जुळण्यासाठी व साडेसात अँपिअरवर तुटण्यासाठी बनविलेला असतो. मोटार वेगात येण्यापूर्वीच तो तुटू लागला, तर दरवेळी सहापट प्रवाह तोडण्याचे काम टिकल्यांवर पडते आणि त्यांचे आयुष्य झपाट्याने घटते.

कमी दाब आणि थरथर

असे घडते ते प्रामुख्याने विजेचा दाब कमी असताना. ४१५ व्होल्टच्या नेहमीच्या कॉइलला नीट पकड घेण्यासाठी निदान ८५ टक्के, म्हणजे सुमारे ३५३ व्होल्ट, दाब लागतो. वाहिनीच्या टोकावरच्या शेतात, सगळे पंप चालू असताना, दाब याहून खाली जातो. शेतकरी बटण दाबतो. कॉइल टिकल्यांना कशीबशी ओढते. मोटार सहापट प्रवाह खेचू लागताच दाब आणखी खाली जातो. कॉइल दुबळी पडून टिकल्या सुटतात. भार सुटताच दाब वर येतो आणि बटण अजून दाबलेलेच असल्यामुळे टिकल्या पुन्हा ओढल्या जातात. पेटीतून येणारा ‘खडखड’ असा आवाज याचाच होय. सेकंदाला पाच वेळा जरी ही थरथर झाली, तरी एका मिनिटात टिकल्या तीनशे वेळा तुटतात, आणि त्याही सहापट प्रवाहावर. दोन महिन्यांची झीज अशी एका मिनिटात होऊन जाते. शेवटी वितळलेल्या टिकल्या एकमेकींना चिकटून बसतात आणि तांबडे बटण दाबूनही पंप बंद होत नाही.

यावर पहिला उपाय संयमाचा आहे. एक-दोनदा बटण दाबूनही स्टार्टर पकड घेत नसेल, तर पेटीवरील व्होल्टमीटर पाहावा आणि दाब सुधारेपर्यंत थांबावे. बटण दाबून धरणे, त्यात काडी अडकविणे किंवा फिरता भाग दोरीने बांधून ठेवणे, हे प्रकार टिकल्यांनाच नव्हे, तर माणसाच्या जिवालाही घातक आहेत. जेथे दाब नेहमीच कमी असतो, तेथे शेतीसाठी खास बनविलेली, कमी दाबावरही पकड घेणारी कॉइल असलेला स्टार्टर घ्यावा.

दुसरा उपाय कपॅसिटरचा. पंपाला योग्य क्षमतेचा कपॅसिटर जोडला, की तारांमधून वाहणारा एकूण प्रवाह कमी होतो आणि टोकावरचा दाब काहीसा सुधारतो. सर्वसाधारणपणे तीन अश्वशक्तीच्या मोटारीस १, पाच अश्वशक्तीस २ आणि साडेसात अश्वशक्तीस ३ केव्हीएआर क्षमतेचा कपॅसिटर पुरतो. याहून मोठा बसविल्याने लाभ वाढत नाही. उलट जुळतानाचा झटका मोठा होऊन टिकल्यांनाच त्रास होतो. एका शेतकऱ्याने कपॅसिटर बसविला तर लाभ थोडा. रोहित्रावरील सर्वांनी बसविला तर तो सर्वांनाच जाणवतो.

ऑटो स्विचचा प्रश्न

रात्री वीज येते तेव्हा अंधारात, सापकिरडूंच्या आणि काही भागांत बिबट्याच्या भीतीत विहिरीवर जाणे कोणालाच नको असते. त्यामुळे वीज येताच पंप आपोआप सुरू करणारे ऑटो स्विच गावोगावी दिसतात. ही गरज खरी आहे. परंतु तिची किंमतही मोठी आहे. १०० केव्हीए क्षमतेच्या रोहित्राचा पूर्ण भाराचा प्रवाह सुमारे १३३ अँपिअर असतो. पाच अश्वशक्तीचे पंधरा पंप त्यावर चालत असतील, तर चालू स्थितीत ते मिळून सुमारे ११२ अँपिअर घेतात, आणि रोहित्र तो भार सहज पेलते. वीज येताच हे पंधराही पंप एकाच क्षणी सुरू झाले, तर मात्र ६७५ अँपिअरची मागणी होते. ती रोहित्राच्या क्षमतेच्या पाचपट आहे. दाब कोसळतो, पंधराही पेट्यांत थरथर सुरू होते, आणि कधी फ्यूज, कधी रोहित्रच जळते.

महावितरणने ऑटो स्विच न वापरण्याचे आवाहन वेळोवेळी केले आहे, त्यामागील कारण हेच होय. ज्यांना स्वयंचलित साधनावाचून गत्यंतर नाही, त्यांनी निदान वेळ लांबविणारे साधन बसवावे आणि एका रोहित्रावरील शेतकऱ्यांनी एकत्र बसून आपापल्या वेळा ठरवाव्यात. पहिला पंप वीज आल्यानंतर एका मिनिटाने, दुसरा दीड मिनिटाने, तिसरा दोन मिनिटांनी सुरू झाला, तर कोणाचेही पाणी बुडत नाही आणि सर्वांचे स्टार्टर वाचतात.

सैल स्क्रू, तापलेली तार

टिकल्या चांगल्या असूनही पेटी तापते, जळका वास येतो, असा अनुभव अनेकांना येतो. त्याचे मूळ बहुधा सैल जोडणीत असते. विद्युत्‌वाहक जेथे नीट दाबून बसत नाहीत, तेथे विजेला रोध होतो आणि उष्णता निर्माण होते. ही उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. चांगल्या जोडाचा रोध ओहमचा एक सहस्रांश धरला, तर साडेसात अँपिअरला तेथे नगण्य उष्णता होते. तोच रोध सैलपणामुळे ओहमच्या दशांशापर्यंत वाढला, तर चालू स्थितीत साडेपाच वॅट आणि सुरू होण्याच्या क्षणी सुमारे दोनशे वॅट उष्णता एका स्क्रूच्या टोकाशी साठते. ती तारेचे आवरण वितळविते, टिकलीमागची स्प्रिंग नरम करते, आणि स्प्रिंग नरमली की टिकल्यांची पकड सुटते.

ॲल्युमिनियमच्या तारेबाबत विशेष दक्षता हवी. स्क्रूखाली दाबलेले ॲल्युमिनियम काळाबरोबर चेपत जाते आणि हवेशी संयोग होऊन त्यावर वीज न वाहणारा थर चढतो. अशी तार नुसती पिळून स्क्रूखाली न अडकविता टोकाला योग्य मापाचे थिंबल दाबून बसवावे आणि सर्व स्क्रू वर्षातून दोनदा तरी आवळून घ्यावेत.

कानस नको

टिकल्या काळ्या दिसल्या, की पॉलिशपेपर किंवा कानस घेऊन त्या चकचकीत करण्याची प्रथा सर्वत्र आहे. सद्हेतूने केले जाणारे हे काम टिकल्यांचे आयुष्य सर्वाधिक घटविते. जुन्या स्टार्टरमध्ये संपर्कबिंदू तांब्याचे असत. तांब्यावर चढणारा काळा थर वीज अडवितो. त्यामुळे ते अधूनमधून साफ करणे आवश्यक असे. आजचे संपर्कबिंदू मात्र चांदीच्या मिश्रणाचे असतात. पूर्वी चांदीत कॅडमियमचे ऑक्साइड मिसळीत. कॅडमियम आरोग्यास घातक असल्याने त्याची जागा आता कथिलाच्या ऑक्साइडने घेतली आहे. चांदीवरचा काळेपणा विजेला तांब्यावरच्या थरासारखा अडथळा करीत नाही. कानस मात्र तो मोलाचा पातळ थर खरवडून टाकते, पॉलिशपेपरचे कण टिकलीत रुतून बसतात, आणि जुन्या टिकल्यांची विषारी धूळ कारागिराच्या श्वासात जाते.

यास्तव चांदीच्या टिकल्या केवळ कोरड्या, स्वच्छ कापडाने पुसाव्यात. त्यांना तेल किंवा ग्रीस लावू नये. प्रज्योतीने ते जळते आणि त्याची काजळी टिकल्यांवर बसते. चांदीचा थर झिजून खालचे तांबे किंवा पितळ दिसू लागले, किंवा पृष्ठभागावर मोठे गोळे व खड्डे झाले, तर टिकल्या बदलाव्यात. बदलताना एकच जोडी न बदलता तिन्ही फेजचे स्थिर व फिरते बिंदू स्प्रिंगांसह एकदमच बदलावेत. नव्या-जुन्यांची सांगड घातली, तर तिन्ही जोड्या एका वेळी जुळत नाहीत.

काही शिवारांत अजूनही तेलात बुडालेले स्टार्टर आहेत. त्यांतील तेल प्रज्योत विझविण्यासाठी असते. ते खुणेइतके असावे, काळे पडल्यास बदलावे, आणि त्याऐवजी इंजिनचे तेल अथवा रॉकेल कदापि घालू नये.

एका टिकलीपायी मोटार

तीनपैकी एका फेजची टिकली जळून जुळेनाशी झाली, तर चालती मोटार लगेच थांबत नाही. ती उरलेल्या दोन फेजवर घुंघुं आवाज करीत फिरत राहते आणि त्या दोन तारांतील प्रवाह सुमारे पावणेदोन पट होतो. काही मिनिटांतच मोटारीची गुंडाळी जळू शकते. हे टाळण्यासाठी स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले असतो. परंतु ‘सारखा ट्रिप होतो’ म्हणून त्याचा काटा शेवटच्या आकड्यावर नेऊन ठेवलेला आढळतो. पहारेकऱ्याला झोपविण्यासारखेच हे आहे. रिलेचा काटा मोटारीच्या पट्टीवर लिहिलेल्या प्रवाहाइतकाच ठेवावा. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये रिले मोटारीच्या गुंडाळीच्या मार्गात असेल, तर तो या आकड्याच्या ५८ टक्क्यांवर असावा. याखेरीज एक फेज जाताच पंप बंद करणारे सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर बसविणे हिताचे ठरते.

पेटीची जागा

उघड्या राहिलेल्या छिद्रांतून पेटीत मुंग्या शिरतात, पाली अंडी घालतात आणि कुंभारीण माशी चिखलाचे घर बांधते. टिकल्यांमध्ये चिरडलेली एक मुंगीही जुळणीत अडथळा आणण्यास पुरेशी असते. तारा येण्याची छिद्रे रबरी बुचांनी बंद करावीत आणि दाराची रबरी पट्टी शाबूत ठेवावी. पेटी गोठ्यात किंवा खतांच्या गोण्यांजवळ बसवू नये. गोठ्यातील अमोनिया आणि दमट खताची धूळ पितळी व तांब्याच्या भागांना खाऊन टाकते.

गावाची टाकी आणि सौरपंप

हाच विचार गावच्या पाणीपुरवठ्याच्या व घरगुती पंपांनाही लागू पडतो. टाकी भरताच पंप बंद करणारा तरंगता स्विच नाजूक असतो. मोटारीचा सारा प्रवाह त्यातून नेल्यास तो लवकर जळतो. त्याच्याकडून केवळ स्टार्टरची कॉइल चालू-बंद करून घ्यावी आणि मोटारीचा भार स्टार्टरच्या टिकल्यांवर सोपवावा. पाण्याच्या दोन पातळ्यांमधील अंतरही पुरेसे ठेवावे, म्हणजे पाणी थोडे हलताच पंप चालू-बंद होत राहणार नाही.

सौरपंपाच्या बाबतीत एक वेगळी सावधगिरी हवी. सौर तावदानांतून येणारी वीज एकदिश असते. तिचा प्रवाह शून्यावर येत नाही. त्यामुळे तिची प्रज्योत आपोआप विझत नाही. घरगुती विजेचा साधा स्विच त्या मार्गात बसविल्यास तो पेटण्याचा संभव असतो. तेथे एकदिश विजेसाठी बनविलेलाच स्विच वापरावा.

वर्षातून दोन दिवस

पेटी उघडण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करावा, फ्यूज काढून स्वतःजवळ ठेवावेत, ऑटो स्विच असल्यास तोही बंद करावा आणि तिन्ही फेज मृत असल्याची टेस्ट लॅम्पने खात्री करावी. कपॅसिटरमध्ये वीज काही काळ साठून राहते, हे विसरू नये. टिकल्या बदलणे, रिले लावणे व तारा जोडणे ही कामे परवानाधारक तारतंत्र्याकडूनच करून घ्यावीत. ओल्या अंगाने अथवा अनवाणी पायांनी पेटीला हात लावू नये आणि पेटी व मोटार या दोहोंचे अर्थिंग सुस्थितीत असावे.

ही तपासणी वर्षातून दोनदा, रब्बीच्या तोंडावर आणि उन्हाळी पाळ्या सुरू होण्यापूर्वी, केली तर पुरे. खंडेनवमीला शेतकरी नांगर-कुळवापासून पंपापर्यंत साऱ्या औजारांची पूजा करतो. रब्बीच्या पेरण्या तेव्हा तोंडावर आलेल्या असतात आणि पावसाळ्याची ओल पेटीत शिरलेली असते. त्या दिवशी हळदकुंकू पेटीच्या बाहेर वाहावे आणि आत स्वच्छता, आवळलेले स्क्रू व शाबूत टिकल्या असाव्यात. मग गव्हाच्या पहिल्या पाण्याच्या रात्री हिरवे बटण दाबताच पंप निमूटपणे सुरू होईल.